पन्नास तासांत नेमकं काय मुरलं?

भाच्याचा फोन शुक्रवारी रात्री साडेदहाला आला. "मामा, इअरफोन मुरला! सोमवारी ऐकवत नव्हता, आता मस्त वाजतोय." आणि लगेच, जरा खालच्या आवाजात, "फक्त गाणाऱ्याचा आवाज अजून डावीकडेच येतो. तेही जाईल ना?"

सगळं प्रकरण या दोन वाक्यांत आहे. दोन तक्रारी होत्या. एक गेली, एक राहिली. विक्रेत्याने दोन्हींवर एकच औषध सांगितलं होतं, वाजवत राहा. आणि वस्तू बदलून घ्यायची सात दिवसांची मुदत रविवारी रात्री बाराला संपत होती.

मी नाटकांना आणि गाण्याच्या कार्यक्रमांना साउंड लावतो, बावीस वर्षं झाली. जोडीला स्पीकर दुरुस्त करतो. 'नवा इअरफोन मुरावा लागतो' हे मी गिऱ्हाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय की त्यावर वाद घालणं सोडून दिलं होतं. या वेळी मात्र तपासायला एक दुर्मीळ संधी होती. ताईच्या घरी एकाच मॉडेलचे दोन इअरफोन आले होते, साधे वायरचे, प्रत्येकी १,४०० रुपयांचे. एक भाच्याचा, एक भाचीचा. भाचीची बारावीची सराव परीक्षा चालू होती, म्हणून तिचा डबा ताईने न उघडताच कपाटात ठेवून दिला होता. तो डबा नसता तर 'पहिल्या दिवशी कसा वाजत होता' हे आठवणीवर सोडावं लागलं असतं, आणि आवाजाची आठवण फार कच्ची असते. चव तरी जिभेवर रेंगाळते. आवाजाचा बारीक पोत काही सेकंदांत निसटतो.

काय घडलं होतं

सोमवारी दुपारी पार्सल आलं. भाच्याने इअरफोन लावला आणि त्याचा चेहरा पडला. आवाज पातळ, पत्र्यावर वाजवल्यासारखा. मी केलेलं एक रेकॉर्डिंग त्याच्या फोनमध्ये आहे, ढोलकी, पेटी आणि बाईचा आवाज. त्यात ढोलकीची धुम जवळजवळ ऐकूच येईना, आणि 'स', 'श' कानात टोचायला लागले. शिवाय गाणाऱ्या बाई मधोमध उभ्या असायला हव्यात, त्या डाव्या खांद्यावर येऊन बसल्या.

मंगळवारी त्याने विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर आलं की नवीन आहे, ५० ते १०० तास वाजू द्या, ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर) मोकळा होईल. मग चार रात्री इअरफोन उशीखाली, फोन चार्जिंगला, गाणी रात्रभर चालू. रोजचे आठ तास धरले तर ३२, आणि दिवसा कानात चार-पाच तास. शनिवारी मी मोजायला बसेपर्यंत पन्नाशी पार झाली होती.

हे उत्तर देणारा खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. आपल्या आजूबाजूला खरोखर मुरणाऱ्या, रुळणाऱ्या वस्तू खूप आहेत. कोल्हापुरी चप्पल पहिले आठ दिवस चावते, मग पायाची होते. बिडाच्या नव्या तव्यावरचं पहिलं धिरडं चिकटतंच. तबल्याची नवी पुडी वाजवून वाजवून मोकळी होते. नव्या स्कूटरला पहिले काही शे किलोमीटर जपून चालवायला सांगतात. मग इअरफोनला वेगळा न्याय का, असं कुणालाही वाटेल. माझ्या धंद्यात तर ही गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडते.

वूफर खरंच मोकळा होतो

जळालेला पंधरा इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, दुरुस्तीला आला की आम्ही त्याचं रिकोनिंग करतो, म्हणजे कोन (समोरचा हलणारा शंकू), व्हॉइस कॉइल (त्याला हलवणारं तारेचं वेटोळं) आणि स्पायडर नवे बसवतो. स्पायडर म्हणजे मागच्या बाजूला असलेलं, राळेत बुडवून घड्या पाडलेलं कापड. कोनाला मधोमध धरून ठेवायचं काम त्याचं. नवा बसवल्यावर दोन्ही हातांची बोटं कोनावर ठेवून हलकेच दाबलं की कडकपणा कळतो, नव्या कांजीच्या सदऱ्यासारखा. मग कमी कंप्रतेचा सूर लावून चार तास तो हलू देतो. गेल्या वर्षी केलेल्या एका वूफरचे आकडे माझ्या वहीत आहेत. सुरुवातीला त्याचा अनुनाद, म्हणजे तो ज्या सुराला सगळ्यात सहज हलतो तो, ४६ हर्ट्झला होता, चार तासांनी ४१ ला. कापडातल्या राळेची ताठर पकड सुटते, आणि ते नंतर तसंच राहतं. थील आणि स्मॉल या दोघांच्या नावाने स्पीकरची जी मापं जगभर ओळखली जातात, त्यांत हा फरक स्पष्ट दिसतो. (खोक्यात बसवल्यावर मात्र आतली हवाच स्प्रिंगचं काम करत असल्याने कानाला हा फरक बराच कमी जाणवतो. तेही सांगायला हवं.)

त्यामुळे भाच्याचं बोलणं मी उडवून लावलं नाही. पण वूफरवरून इअरफोनवर थेट उडी मारण्याआधी एक हिशेब करावासा वाटला, आणि तो कागदावर पाच मिनिटांत होतो.

कानात घट्ट बसलेल्या इअरफोनसमोर हवा असते ती चिमूटभर. श्रवणयंत्रं मोजायच्या एका प्रमाणित साधनात ती जागा २ घनसेंटिमीटर धरतात, आपणही तेवढीच धरू. ९४ डेसिबल, म्हणजे चांगला मोठा आवाज, हा १ पास्कल दाब. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल. म्हणजे त्या कोंडलेल्या हवेचा दाब एक लाखाव्या भागाने वरखाली करायचा आहे. झटपट दाबलेली हवा किंचित तापते आणि तिचा दाब आणखी वाढतो, त्यामुळे तिच्या आकारमानाच्या साधारण १,४२,००० व्या भागाइतकंच दाबावं लागतं. २ घनसेंटिमीटरच्या हिशेबाने ते झालं ०.०१४ घनमिलिमीटर. दहा मिलिमीटरच्या ड्रायव्हरचा हलणारा भाग ५० चौरस मिलिमीटर धरला, तर पडदा हलायला हवा ०.०००२८ मिलिमीटर. मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी! डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आवाज आणखी २० डेसिबलने वाढवून कान दुखेपर्यंत नेला, तरी पडद्याची हालचाल तीन मायक्रॉनच्या आतच.

वूफरचा कोन मागेपुढे काही मिलिमीटर जातो, आणि त्याला ताठ कापडाने धरलेलं असतं. इअरफोनमध्ये स्पायडर नसतोच. पॉलिएस्टरसारख्या फिल्मचा, काही मायक्रॉन जाडीचा एकच पडदा असतो. कडेला त्याच फिल्मला लाटा पाडलेल्या असतात, त्याच त्याच्या स्प्रिंग. जिथे ताठर कापड नाही आणि हालचाल केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाइतकी, तिथे मोकळं व्हायचं ते काय?

हिशेब आपल्या जागी. मोजून बघणं भाग होतं.

शनिवारची संध्याकाळ

माझं मोजायचं साधन घरगुती आहे. आतून ८ मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी, चार सेंटिमीटर लांब. तिच्या एका टोकाला मापनाचा छोटा मायक्रोफोन, जोड टेपने हवाबंद केलेला. दुसऱ्या टोकाला इअरफोन. पुढे संगणक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर, जे २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत सूर सरकवत नेतं आणि प्रत्येक ठिकाणी आवाज किती आला त्याची रेघ काढतं. ही नळी म्हणजे माणसाचा कान नव्हे. तिच्यावरून 'हा इअरफोन चांगला' असा निकाल देता येत नाही. पण एकाच नळीत दोन इअरफोन बसवून फरक काढायला ती पुरते.

भाची, भाचा आणि ताई तिघंही आली होती. भाचीने तिच्या डब्याचं सील माझ्यासमोर फोडलं.

पहिली मोजणी भाच्याच्या इअरफोनची, डावा आणि उजवा. संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा उमटल्या आणि भाचा काही बोलायच्या आधी ताईच म्हणाली, "अरे, ही एक खाली आहे." उजवी बाजू डावीपेक्षा ४ डेसिबलने खाली, १०० हर्ट्झपासून वर जवळजवळ सगळीकडे सारखीच. नळीत उलटसुलट तीनदा बसवून बघितलं, कानात जाणाऱ्या रबरी टिपांची अदलाबदल केली, फरक तेवढाच. भाचीच्या कोऱ्या इअरफोनमध्ये डाव्या-उजव्यात फरक होता तो पाऊण डेसिबलच्या आसपास. म्हणजे गाणाऱ्या बाई डाव्या खांद्यावर का बसल्या होत्या ते कळलं. पन्नास तास वाजवून त्या मधे आल्या नव्हत्या, आणि पाचशे तासांनीही आल्या नसत्या. कॉइल, चुंबक किंवा पडद्याच्या जोडणीतला दोष वाजवून बरा होत नाही.

आता पहिली तक्रार. पत्र्यासारखा आवाज.

भाच्याचा डावा आणि भाचीचा डावा, पन्नास तास झालेला आणि शून्य तास झालेला, एकामागून एक मोजले. बहुतेक ठिकाणी अर्धा-पाऊण डेसिबल, एके ठिकाणी एक डेसिबल फरक. पण भाचीच्या स्वतःच्या डाव्या-उजव्यातही जवळपास तेवढाच फरक होता, आणि ते दोघेही शून्य तासांचे. एकाच साच्यातून निघालेल्या दोन नगांत जेवढं अंतर असतं, तेवढंच इथेही होतं. ते तासांच्या नावावर लिहायला काहीच आधार नव्हता. आणि धुम गायब होण्याएवढा फरक तर कुठेच दिसेना.

मी रेघांकडे बघत बसलो होतो. भाची मागून म्हणाली, "मामा, त्याने बुधवारी रबर बदललं की."

"ते काय, मधलं निसटत होतं सारखं," भाचा म्हणाला. "म्हणून मोठं लावलं."

"मला सांगितलं नाहीस."

"त्याचा काय संबंध?"

त्याच्या दृष्टीने खरंच संबंध नव्हता. इअरफोनसोबत पिशवीत तीन मापांच्या रबरी टिपा येतात. मधली बसवलेली असते, लहान आणि मोठी पिशवीत पडून राहतात. टिप ही त्याच्या लेखी चपलेच्या अंगठ्यासारखी, न निसटण्यापुरती. पण कानात कोंडलेल्या त्या चिमूटभर हवेचा हिशेब आठवा. पडदा मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाएवढा हलून ९४ डेसिबल देऊ शकतो, ते हवा कोंडलेली आहे म्हणून. बारीकशी फट राहिली की हळू हलणारी हवा, म्हणजेच खालचे सूर, त्या फटीतून बाहेर निसटतात. वरचे सूर इतक्या वेगाने मागेपुढे होतात की त्यांना निसटायला वेळच मिळत नाही. ते तसेच राहतात, आणि खालची साथ गेल्यामुळे उघडे पडतात. कर्कश वाटणं ते हेच.

ते त्याला दाखवायला मी आईच्या डब्यातली सुई घेतली. नळीत टिपेच्या बाजूला ती आत सरकवली आणि पुन्हा मोजलं. रेघ १ किलोहर्ट्झच्या वर पहिल्या रेघेवर तंतोतंत बसली, आणि तिथून डावीकडे घसरगुंडीसारखी खाली गेली. ५० हर्ट्झला १४ डेसिबलने खाली. एका सुईच्या फटीने.

मग त्याच्या कानावर. मधली टिप परत लावायला सांगितली आणि ढोलकीचं रेकॉर्डिंग सुरू केलं. आवाज पातळ. "आता दोन्ही बोटांनी आत दाबून धर," म्हटलं. त्याने दाबलं आणि डोळे मोठे झाले. बोट लावलं की धुम, बोट काढलं की पत्रा. चार-पाच वेळा त्याने स्वतःच करून बघितलं. नंतर मोठी टिप लावली, तेव्हा बोटाची गरज उरली नाही.

आणखी एक गोष्ट त्यानेच आठवून सांगितली. सोमवारी-मंगळवारी फोनचा आवाज पंधरापैकी तेराव्या पायरीवर असायचा. बुधवारनंतर नऊवर. धुम शोधायला तो आवाज वाढवत होता, आणि वाढवल्याने टोचणारा भागच आणखी टोचत होता.

इथे मला थांबून एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. तेराव्या पायरीवर माझ्या नळीत ९२ डेसिबलच्या आसपास आकडा आला. नळी प्रमाणित नाही, दोन-तीन डेसिबल इकडेतिकडे धरा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. ९२ ला उरतात आठवड्याचे अडीच तास. भाचा दोन दिवसांत त्याच्या तिप्पट ऐकून बसला होता. मोठ्या आवाजानंतर कान काही काळ बोथट होतो, आणि बोथट कानाला कर्कशपणाही कमी वाटतो. 'मुरवायला जरा मोठ्याने वाजव' हा सल्ला कानात घालून कुणी पाळला, तर जे मऊ होतंय ते काय आहे याचा विचार करून माझ्या पोटात गोळा येतो. माझ्या डाव्या कानाच्या श्रवणचाचणीच्या आलेखात ४ किलोहर्ट्झला खड्डा आहे. तो भरून येत नाही.

पण कानही बदलला होताच

मधली टिप लावून ऐकताना भाचा म्हणाला होता, "मामा, सोमवारी याहून वाईट वाटत होतं." हे वाक्य मी सोडून दिलं नाही. टिप तीच, इअरफोन तोच, फट तीच. तरी शनिवारी तेवढं वाईट वाटत नव्हतं. हा उरलेला भाग त्याच्या डोक्यातला आहे, आणि 'डोक्यातला' म्हणजे काल्पनिक नव्हे.

त्याचा जुना इअरफोन मी ओळखतो. खाली भरपूर फुगवलेला आणि वरचे सूर झाकलेले, गोधडीतून ऐकल्यासारखा. दोन वर्षं तो कानात होता. त्याच्यापुढे कुठलाही सरळ वाजणारा इअरफोन पहिल्या दिवशी टोचणारच. पाच दिवस नवा ऐकल्यावर मोजपट्टीच बदलते. नवा चष्मा लावल्यावर पहिल्या दिवशी जमीन वाकडी दिसते, आठवड्याने सरळ होते. काच तर तीच असते.

कानाबाबत हे किती खोलवर जातं ते नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार माणसांच्या कानाच्या पाळीच्या खोलगट भागात साचे बसवले. आवाज वरून येतोय की खालून, हे आपण पाळीच्या घड्यांवरून ओळखतो. ते ओळखणं साचे बसवताच गेलं. काही आठवड्यांत परत आलं, साचे कानात असतानाच. मेंदूने नवा कान शिकून घेतला. आणि साचे काढल्यावर जुना कानही लगेच चालू झाला, तो विसरला गेला नव्हता. इअरफोन घातला की आपणही पाळीला बाजूला सारून मेंदूला एक वेगळाच कान देतो. त्याला तो शिकायला वेळ लागतो.

तेव्हा भाच्याचा अनुभव खरा होता, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याने कारण चुकीच्या जागी ठेवलं होतं, एवढंच.

रविवारची ओळखपरेड

रेघांवर त्याचा विश्वास बसला, पण पूर्ण नाही. "रेघेत न दिसणारं काही असेल," म्हणाला. रास्त शंका आहे. म्हणून रविवारी सकाळी डोळे बांधून चाचणी घेतली, इअरफोन परत करायच्या आधी. नंतर ती शक्यच झाली नसती.

मांडणी करताना दोन गोष्टी जपाव्या लागल्या. त्याची उजवी बाजू ४ डेसिबलने खाली असल्याने दोन्ही कानांनी ऐकलं असतं तर ओळख फुकट पटली असती. म्हणून फक्त डावा कान, उजव्यात कापूस. दुसरं म्हणजे आवाजाची पातळी. दोन आवाजांतला जरासा मोठा नेहमी जास्त चांगला वाटतो, तो मोठा आहे हे कळतही नाही. दोन्ही नगांची पातळी मी नळीत मोजून संगणकावर सारखी केली. दोन्हींना मोठ्या टिपा. प्लगजवळ भाचीने एकाला पांढरा दोरा बांधला आणि टेपखाली झाकला. ती नाणं उडवणार, त्याप्रमाणे एक नग त्याच्या हातात देणार, तो डोळे मिटून स्वतः कानात बसवणार आणि 'मुरलेला' की 'कोरा' ते सांगणार. मी खोलीच्या बाहेर, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरूनही काही कळायला नको. ऐकणारा मी व्हायचा प्रश्नच नव्हता, तो खड्डा असताना.

सोळा फेऱ्या, आठ-आठच्या दोन बैठकी, मधे चहा. नुसत्या नाणेफेकीवर सोळापैकी बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असते. म्हणून बारा आले तर तुझं खरं, असं आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवलं.

नऊ आले.

तिसऱ्या फेरीला त्याने ठामपणे सांगितलं होतं, "हा माझाच, शंभर टक्के." तो भाचीचा कोरा होता, तोवर उणापुरा तासभरही न वाजलेला.

दुपारी जेवायच्या आधी त्याने बदलून मागायचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात 'आवाज चांगला नाही' असं लिहायला निघाला होता, ते मी बदलायला लावलं: 'उजवी बाजू डावीपेक्षा कमी वाजते, दोन फोनवर तपासलं.' तपासायला नळी लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ नावाची सोय असते. ती चालू केली की दोन्ही कानांत एकच आवाज जातो, आणि तो मधोमध यायला हवा. मग इअरफोन उलटे घालायचे. आवाज दुसऱ्या बाजूला सरकला तर दोष इअरफोनचा, त्याच बाजूला राहिला तर आपल्या कानाचा. दोन मिनिटांचं काम. पहिल्याच दिवशी करायचं.

पुढचे दोन दिवस

माझं कुतूहल अजून शमलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी भाचीच्या परवानगीने तिचा इअरफोन नळीत बसवला आणि मंगळवार संध्याकाळपर्यंत हात लावला नाही. पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला, धबधब्यासारखा आवाज) चालू, आणि सुरुवातीला, एका तासाने, दहा तासांनी, चोवीस तासांनी, अठ्ठेचाळीस तासांनी मोजणी. पाचही रेघा एकावर एक ठेवल्यावर जास्तीत जास्त फरक ०.२ डेसिबल. काहीही न वाजवता रात्रभर ठेवून सकाळी मोजलं तरी माझ्या साधनात एवढा फरक येतो.

शेवटी इअरफोन नळीतून काढला आणि परत बसवला, फक्त एकदा. ६ किलोहर्ट्झच्या वर रेघ जवळजवळ ३ डेसिबलने हलली, कारण तो या वेळी दोन मिलिमीटर जास्त आत गेला. अठ्ठेचाळीस तासांनी जे केलं नाही ते दोन मिलिमीटरांनी केलं. कानातही आपण दिवसातून दहा वेळा हेच करतो.

माझा हा एक नग, एक नळी. जगात इतरांनीही मोजलंय. श्युअर कंपनीने १९९७ मध्ये आलेल्या तिच्या ई-१ इअरफोनचे भरपूर वापरलेले नग मोजले, आणि ते नव्यासारखेच भरल्याचं सांगितलं. उलट बाजूचं उदाहरणही आहे, ते लपवायचं कारण नाही. टिल हर्टसेन्स या अमेरिकी हेडफोन-परीक्षकाने २०११ मध्ये एकेजी कंपनीचा क्यू-७०१ हा डोक्यावर घालायचा मोठा हेडफोन तासन्‌तास वाजवून मोजला. बदल सापडले, पण अगदी लहान. मग नवा आणि खूप वापरलेला असे दोन जोड न बघता ऐकले, आणि त्याने बहुतेक वेळा बरोबर ओळखले. मला हे पटण्यासारखं वाटतं. ते दोन वेगळे नग होते, आणि डोक्यावरच्या हेडफोनच्या कानाभोवतीच्या गाद्या वापराने दबतात, ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, आवाज बदलतो. तिथे काहीतरी खरंच मुरतं, पण ते म्हणजे गादी. कानात घालायच्या छोट्या इअरफोनला ती नसते.

ब्लूटूथच्या इअरबडबद्दल एवढंच. एका चार्जवर पाच तास चालणारा इअरबड शंभर तास 'मुरवला' तर बॅटरीची वीस चार्जिंगं उशीखाली खर्च झाली. त्या एवढ्याशा बॅटरीचं आयुष्य काही शे चार्जिंगांचंच असतं, आणि बहुतेक इअरबडमध्ये ती बदलता येत नाही.

आणि मुदतीबद्दल. ५० तास रोज चार तासांनी ऐकले तर बारा-तेरा दिवस होतात, १०० तासांना पंचवीस. बदलून घ्यायची मुदत सात दिवसांची. सल्ला देणाऱ्याच्या मनात काही असो वा नसो, तो पाळणाऱ्याचं नुकसान ठरलेलं आहे. ताईचा शब्द होता, "कुठेतरी पाणी मुरतंय." मी हेतूवर बोलणार नाही. पण भाच्याने रात्ररात्र वाजवलं नसतं, साधा रोज ऐकत बसला असता, तर तो चार डेसिबलचा दोष सातव्या दिवशी त्याच्याच गळ्यात पडला असता, आणि 'सवय होईल' म्हणत त्याने तो वर्षभर ऐकला असता.

जुना नग गुरुवारी घेऊन गेले. बदली नग पुढच्या मंगळवारी आला. भाचा तो न उघडता माझ्याकडे घेऊन आला, सोबत भाची. डबा उघडल्यावर त्याने आधी पिशवी शोधली, मधल्या टिपा काढून मोठ्या बसवल्या, फोनमध्ये मोनो चालू करून दोन्ही बाजू तपासल्या, मग मोनो बंद करून ढोलकीचं रेकॉर्डिंग लावलं. आवाजाची पायरी नऊ. डोळे मिटून अर्धं मिनिट ऐकलं.

"धुम?" भाचीने विचारलं.

त्याने मान हलवली.

"आणि बाई?"

त्याने डोळे न उघडताच बोट उचललं आणि स्वतःच्या दोन भुवयांच्या बरोबर मधे टेकवलं. डबा उघडून सहा मिनिटं झाली होती.